बोर्डाच्या खोडी

“हाई सील कोनी तोडं?”

गिरधरभाईंचा आवाज दारातूनच आला. सरलाबाई टेलिफोनच्या बोर्डामागे गुडघे टेकून बसली होती. पदर कमरेला खोचलेला, दातांत पेचकस, उजवा हात कोपरापर्यंत बोर्डाच्या पोटात. तिने पेचकस तोंडातून काढला आणि मागे न बघता सांगितलं,

“मी तोडं.”

शिशाची चकती तुटक्या तारेसकट फरशीवर पडली होती. गिरधरभाईंनी ती उचलली, तळहातावर घेऊन पाहिली. मिरची व्यापारी मंडळाचे ते सेक्रेटरी. धोतर पांढरंशुभ्र, कोटाच्या खिशाला दोन पेनं. गेल्या दिवाळीपासून या चकतीची राखण त्यांच्याकडे होती.

“तुले माहीत शे ना, कंपनीना मानूसशिवाय कोनी हात लावाना नही?”

“माहीत शे. जरासं थांबा.”

तिने कागदासारखा पातळ झालेला पॉलिशपेपर घेऊन आतला एक पितळी स्क्रू घासला. त्यावर हिरवा कळंक चढला होता. तारेचं टोक घासलं, पुन्हा गुंडाळलं, स्क्रू आवळला. मग उठून पुढच्या बाजूला आली, स्टुलावर बसली आणि कानावर हेडफोन चढवला. सकाळपासून मुकं पडलेलं बोर्ड एकदम जागं झालं. कॉल आल्याची खूण म्हणून सात नंबरची पडदी पडली, मग बाविसाची, मग पाठोपाठ चार-पाच. बाजारात लोक केव्हापासून हँडल फिरवून वैतागले होते.

“नंबर?” सरलाबाई म्हणाली, आणि पहिल्या दोरीचा प्लग भोकात खोचला.

गिरधरभाई चकती मुठीत धरून तसेच उभे राहिले. बोर्ड चालू झालं याचा आनंद मानावा की सील तुटलं याचा राग, हे त्यांना पटकन ठरवता आलं नाही. शेवटी म्हणाले, “शनवारले कमिटी शे. लेखी माफीनामा लई ये,” आणि निघून गेले.

नंदुरबारच्या मिरची बाजारात मंडळाचं स्वतःचं बोर्ड होतं. तीस नंबर. दुकानं, गोदामं, गावाबाहेर मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या आणि एकदोन डॉक्टर त्याला जोडलेले. बाहेरगावच्या कॉलसाठी सरकारी एक्सचेंजची एक लाइन. हे बोर्ड एकोणीसशे छप्पन साली वाहिद मिस्तरीने बसवलं. सरलाबाई तिथे आली अठ्ठावन साली. ती कोरीट गावची, गुजर घरातली. नवरा दोन दिवसांच्या तापाने गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. व्हर्नाक्युलर फायनल पास होती आणि आवाज खणखणीत होता, म्हणून मंडळाच्या चुनीलालशेठनी ठेवून घेतलं. बाई माणूस बोर्डावर बसणार म्हणून बाजारात आठ दिवस चर्चा झाली. नवव्या दिवशी सगळ्यांना सवय झाली, कारण नंबर पूर्वीपेक्षा लवकर मिळू लागले.

वाहिद मिस्तरीचं घराणं पिंजाऱ्यांचं. तो स्वतः मात्र तारांच्या नादी लागला. इंग्रजी वाचता येत नसे. बोर्डाबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याने कपाटाचा हलणारा पाय टेकवायला वापरलं होतं. बोर्ड बिघडलं की तो आधी बिडी पेटवायचा आणि नुसता बघत बसायचा.

“मिस्तरी, कराले लागा ना,” सरलाबाई घाई करायची.

“करीच ऱ्हायनू,” तो म्हणायचा. “खोलाना आधी देखनं बी कामच शे बहिन. कोनती तार कोठे व्हती ते कागदवर काढी ले. मंग हात लाव. नही तं दोन बिघाड व्हतीन, एक बोर्डना आनि एक तुन्हा.”

ती बघत गेली, आणि बघितलेलं लिहीत गेली. पाढे छापलेली शाळेची वही होती. पहिल्या पानावर तिने ठळक अक्षरात लिहिलं, ‘बोर्डाच्या खोडी’. बोर्ड तिला एखाद्या हट्टी जनावरासारखं वाटायचं; खोडी कळल्या की मारावं लागत नाही.

‘पडदी आपोआप पडते. वारा सुटला आहे का बघणे. पथाऱ्यांकडच्या तारा एकमेकींना लागतात. आधी चार आणि अकरा नंबर.’

‘बोलताना खरखर. दोरी प्लगच्या मानेशी हलवून बघणे. खरखर वाढली तर दोरी तिथेच मोडली आहे. तिथली दोन बोटं लांब दोरी कापून नव्याने जोडणे.’

‘मिरचीची धूळ भोकांत जाते. तोंडाने फुंकायचं नाही, वाफ जाते. सायकलचा पंप.’

‘सगळेच नंबर मंद. मार्च ते जून. जमिनीत पुरलेली अर्थची तार कोरडी पडते. खड्ड्यात मीठ घालून दोन हंडे पाणी. तरी मंद असेल तर बोर्डामागचा मोठा पितळी स्क्रू घासणे.’

आणि एका पानावर एकच गोष्ट, दोनदा अधोरेखित: ‘एका वेळी एकच बदल. बदलून बघणे. मग दुसरा. काय केलं ते तारीख घालून लिहिणे.’

दुसऱ्या पाळीवर लोटन असायचा. मऊ स्वभावाचा, चार मुलांचा बाप. भांडण ऐकू आलं तरी त्याला घाम फुटायचा. सरलाबाईने त्यालाही एकेक पान शिकवलं. तो मान हलवायचा आणि वेळ आली की म्हणायचा, “बाई, तूच कर ना. तुन्हा हातले यश शे.”

त्रेसष्टच्या दिवाळीत गिरधरभाईंनी सुरतेच्या एका कंपनीशी करार केला. बोर्ड जुनं झालं होतं, कंपनीकडे शिकलेले इंजिनियर होते, कागदावर सगळं चोख होतं. वाहिद मिस्तरीला हार घालून निरोप दिला. कंपनीचा माणूस आला, त्याने बोर्डाच्या मागच्या फळीला तार ओवून शिशाचं सील ठोकलं आणि सांगितलं, सील तुटलं तर जबाबदारी आमची नाही. वाहिदने मशिदीजवळ एक खण घेतला आणि स्टोव्ह दुरुस्त करायला बसला. त्याने तक्रार केली नाही. सरलाबाईने तेव्हा एवढंच विचारलं होतं, “आनि बंद पडनं तं?”

“तार करा,” गिरधरभाई म्हणाले होते. “मानूस येई.”

जानेवारीत बोर्ड बंद पडलं. भर हंगाम. तार केली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी एका गोदामात मिरचीच्या पोत्यांची थप्पी कलली आणि धुडकू नावाच्या हमालाच्या अंगावर आली. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं. चुनीलालशेठची मोटर गावाच्या दुसऱ्या टोकाला. एक माणूस सायकलवर पिटाळला. तो पोचला तेव्हा मोटर शेठच्या मुलाला घेऊन स्टेशनवर गेलेली. तिथून ती शोधून आणेपर्यंत संध्याकाळ झाली. चिंचपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी धुडकूचा जीव वाचवला. पाय नाही वाचला.

त्या दुपारी गोदामाचा मुनीम धापा टाकत बोर्डाच्या खोलीत आला होता. “बाई, शेठले फोन लाव! लवकर!” सरलाबाई पेचकस घेऊन बोर्डामागे गेली होती. चार स्क्रू आणि एक सील. बिघाड कुठे असेल तेही तिला साधारण ठाऊक होतं. तिने सीलला बोट लावलं. मग हात मागे घेतला.

पाचव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने फळी उघडली, एक सैल तार आवळली, नवं सील ठोकलं, चहा घेतला आणि गेला.

महिन्याभराने धुडकू कुबडी घेऊन बाजारात आला. सरलाबाईला रस्त्यात भेटला तर नेहमीसारखं “राम राम बाई” म्हणाला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणूनच तिला ते सोसलं नाही. सरळ घरी येऊन ती सासूसमोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. सासू रुक्मिणीबाई तिच्याबरोबरच राहायची. मुलगा गेल्यावर दोघी कोरीट सोडून इथे एका खोलीत आल्या होत्या.

“मन्हा हात पोची गयथा माय,” सरलाबाई म्हणाली. “मी मागे लिधा.”

सासूने समजूत घातली नाही. ती भाकरी थापत होती. ती तव्यावर टाकून म्हणाली, “मंग आते नको लेवू मागे.”

म्हणून होळीच्या पंधरा दिवस आधी बोर्ड पुन्हा मुकं झालं, तेव्हा सरलाबाईने तार केली नाही. खड्ड्यात मीठ-पाणी घातलं. फरक पडला नाही. मग बोर्ड बंद पडल्याचं ऐकून लवकर आलेल्या लोटनला सांगितलं, “तू देखी ले, मी सील तोडी ऱ्हायनू.” लोटनने दाराकडे बघितलं आणि “मी जेवी येस,” म्हणत बाहेर पडला. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

शनिवारी कमिटीची बैठक मंडळाच्या दिवाणखान्यात भरली. गादीवर चुनीलालशेठ, मंडळाचे अध्यक्ष. वय सत्तरीचं, मनाने चांगले, पण निर्णय द्यायची वेळ आली की चष्मा पुसत बसणारे. बाजूला चार व्यापारी, गिरधरभाई आणि सुरतेहून आलेला कंपनीचा इंजिनियर. सरलाबाईला खुर्ची दिली होती. ती बसली नाही.

इंजिनियर तरुण होता, सभ्य होता. “बाई, तुम्ही प्रशिक्षित नाही,” तो म्हणाला. “चुकीची तार ओढली असती तर अख्खं बोर्ड गेलं असतं.”

“ओढली नाही,” सरलाबाई म्हणाली. सभेत ती पुस्तकी मराठी बोलत असे. “उघडायच्या आधी सगळ्या तारांचं चित्र काढलं होतं. हे बघा.”

तिने वही पुढे केली. इंजिनियरने पानं उलटली. सुरुवातीला सहज, मग सावकाश. एका पानावर तो थांबला, पुन्हा मागे गेला. त्याने वही मिटली तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

“हे कोणी शिकवलं?”

“वाहिद मिस्तरींनी. थोडं बोर्डानं.”

“ही वही इथे राहता कामा नये,” तो गिरधरभाईंकडे वळून म्हणाला. “यात आतली सगळी जोडणी आहे. कोणीही वाचून बोर्ड उघडेल.”

“त्याच्यासाठीच लिहिली आहे,” सरलाबाई म्हणाली.

कोणीतरी खोकलं. गिरधरभाईंनी लोटनला बोलावलं. तो दाराशी अंग चोरून उभा राहिला.

“सील तोडं तधय तू हाजिर व्हता ना?”

“मी जेवाले गयथू,” लोटन जमिनीकडे बघत म्हणाला. “माले काही माहीत नही.”

सरलाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याची चार मुलं तिच्या ओळखीची होती.

“माफीनामा आणला?” गिरधरभाईंनी विचारलं.

तिने घडी केलेला कागद दिला. गिरधरभाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज उतरला. कागदावर लिहिलं होतं: ‘ता. ११ रोजी बोर्ड बंद पडले. मी सील तोडून अर्थचा स्क्रू साफ केला. वीस मिनिटांत बोर्ड चालू झाले. जानेवारीत बोर्ड बंद पडले तेव्हा मी सील तोडले नाही, ती माझी चूक झाली. पुन्हा बोर्ड बंद पडल्यास व माणूस वेळेवर न आल्यास मी पुन्हा सील तोडीन. सरला दगा पाटील.’

चुनीलालशेठनी चष्मा काढला. “सरलाबेन,” ते म्हणाले, “शेवटची ओळ तेवढी खोडून टाका. बाकी मी सांभाळून घेतो. नुसती एक ओळ.”

“शेठजी, तुम्ही मला पोटाला लावलं. तुमचा शब्द मी कधी मोडला नाही.” तिने गिरधरभाईंच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. “पण ती ओळ खोडली तर मागे काय उरतं? मी स्क्रू घासला, एवढंच. धुडकूचा पाय या कागदात कुठेच नाही उरणार.”

“धुडकूचा यात काय संबंध?” गिरधरभाई उसळले. “पोती कलंडली, त्याला बोर्ड काय करणार?”

आता मात्र ती पुस्तकी मराठी विसरली.

“फोन लागता तं पाच मिनिटमा मोटर येती! तीन दिवस बोर्ड मरेल व्हतं आनि मन्हा हातमा पेचकस व्हता! तुम्हना सीलकडे देखी मी उभी ऱ्हायनू. तुम्ही राखण करा शिसानी. मी नही करसू. माले बोर्डवर बसाडं ते लोकेसना आवाज पोचाडाले, फळीले कुलूप लावाले नही.”

इंजिनियर नखं बघत होता. चुनीलालशेठनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, पण तिच्याकडे बघितलं नाही. “कमिटी ठरवेल ते,” ते पुटपुटले.

कमिटीने ठरवलं. सोमवारपासून सरलाबाईने कामावर यायचं नाही. वही इंजिनियरच्या चामडी बॅगेत गेली. निघताना ती बोर्डाच्या खोलीत गेली, खुंटीवरची पिशवी घेतली, हेडफोन फडक्याने पुसून जागेवर ठेवला. लोटन तोंड फिरवून उभा होता.

“अकरा नंबरनी दोरी दोन दिवसमा जाई,” ती त्याला म्हणाली. “आधीच बदली टाक.”

संध्याकाळी वाहिद मिस्तरी घरी आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. “मन्हा नाव कसाले लिधं सभामा?” तो म्हणाला. रागावलेला दिसत नव्हता.

“कोन शिकाडं ते ईचारं त्यासनी. खोटं सांगू का?”

तो थोडा वेळ दाढी खाजवत राहिला. “आठ वरीसमा कोनी नाव लिधं नव्हतं,” म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या आठवड्यात सरलाबाई एका पथारीवर देठ खुडायला जाऊ लागली. बोर्डावरची बाई मिरचीत बसली म्हणून बाजारात पुन्हा चर्चा झाली. लांबवर लालच लाल पसरलेलं, मधे गोणपाट अंथरून बायांच्या रांगा. पहिल्या दिवशी तिचे डोळे सुजले, बोटांची आग रात्रभर थांबली नाही. शेजारी बसणाऱ्या जसोदाबाईने तिला खोबरेल लावायला शिकवलं, आणि हात कोणत्याही परिस्थितीत चेहऱ्याला लावायचा नाही हेही. सरलाबाईने तेसुद्धा मनात लिहून ठेवलं.

चुनीलालशेठनी एकदा निरोप धाडला: ओळ खोडली तर अजून जमेल. तिने निरोप आणणाऱ्याला पाणी दिलं आणि रिकामं परत पाठवलं.

एप्रिलच्या मध्यावर, ऊन चढलेलं असताना, लोटन पथारीच्या कडेने धावत आला. सदरा भिजून पाठीला चिकटला होता.

“बाई, बोर्ड बंद शे. कालपाईन. तार करी, कोनी उना नही. आनि आते निरोप उना, एक बाई बाळंतपनमा अडेल शे, डॉक्टर दुसरा टोकले गया... तू चाल ना!”

सरलाबाईचे हात थांबले. मग तिने मान हलवली.

“माले काढेल शे. मी पायरी चढनू तं गिरधरभाई अडावतीन, त्यामा येळ जाई. सांग, बठ्ठाच नंबर मुका शेत का?”

“बठ्ठाच.”

“खड्डामा पानी टाकं?”

“टाकं. काही फरक नही.”

“मंग स्क्रू शे. मोठा, पितळना, डावा हातले, खालथून दुसरा. आधी तार कशी शे ते कागदवर काढी ले. मंग सोड, घास, परत आवळ. दुसरा कशाले बी हात लावू नको.”

“पन सील शे...” लोटनचा आवाज रडवेला झाला. “बाई, मन्हा चार लेकरं शेत.”

आजूबाजूच्या बायांनी खुडणं थांबवलं होतं. सरलाबाई उठली नाही. ती त्याच्याकडे वर बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता.

“माले माहीत शे,” ती म्हणाली. “मी पन उभी ऱ्हायनथू रे असाच. तुले येस ते काम. जाय.”

लोटन वळला आणि आला तसा पळत गेला.

पथारीच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुकादम फुलसिंगच्या टेबलावर फोन होता, नऊ नंबर. अर्धा तास गेला. ऊन आणखी चढलं. जसोदाबाईने दोनदा काहीतरी विचारलं, सरलाबाईला ऐकू गेलं नाही.

मग फोन वाजला. फुलसिंग काटा लावायला गेला होता. बायांनी सरलाबाईकडे बघितलं. ती उठली, हात पदराला पुसले आणि रिसीव्हर उचलला.

“नऊ नंबर.”

“बाई?” पलीकडून लोटन धापा टाकत होता. “डॉक्टरले निरोप पोची गया. बाईकडे निंघी गया तो. आते बठ्ठा नंबर एकेक करी देखी ऱ्हायनू. ऐकू येस का?”

“येस. साफ येस.”

“गिरधरभाई आठेच उभा शेत,” लोटन म्हणाला. त्याने आवाज खाली आणला नाही. “मी त्यासले सांगं, मी तोडं.”

सरलाबाईने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, “पुढला नंबर लाव,” आणि रिसीव्हर ठेवला.

ती पुन्हा गोणपाटावर येऊन बसली. शेजारच्या पथारीतली घंटी वाजली, दहा नंबर. रस्त्याच्या कडेने ओळीने शेड होते, नऊ ते सोळा नंबर. सरलाबाई खाली मान घालून देठ खुडत होती, ओठ हलत होते. अकरा नंबर वाजला. बारा वाजला.

तेरा वाजला नाही. तिची बोटं मिरचीवर थांबली. वाळलेल्या मिरच्यांवरून गरम वारा गेला, कोणीतरी शिंकलं. जसोदाबाईने तिच्याकडे पाहिलं.

लांबून, पातळशी, तेराची घंटी आली.

सरलाबाईने देठ खुडला आणि मिरची टोपलीत टाकली.